ओढेकर बॉलिंगला आला!

८ नोव्हेंबर २०२३. पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर वर्ल्ड कपचा सामना रंगला होता, इंग्लंड विरुद्ध नेदरलँड्स. आम्ही घरी टीव्हीसमोर, मांडीवर भाजलेल्या शेंगा. बेन स्टोक्स शतक ठोकत होता आणि नेदरलँड्सचे बॉलर घाम पुसत होते. माझी दहा वर्षांची भाची मॅच कमी बघते आणि पडद्यावरची नावं जास्त वाचते. मध्येच म्हणाली, "मामा, या टीमच्या एकूण किती व्हॅन आहेत?"

"काय?"

"बघ ना! व्हॅन बीक, व्हॅन डर मर्व, व्हॅन मीकेरन. तिघं भाऊ आहेत का? की एकाच व्हॅननं शाळेत जायचे?"

मला असा ठसका लागला की शेंगदाणा नाकातून येतो की काय!

हसून झालं आणि तिला सांगायला घेतलं. ही शाळेची व्हॅन नव्हे. डच भाषेतला हा इवलासा शब्द. अर्थ आहे 'चा', 'कडचा', 'इथला'. डच लोक तो 'फान'सारखा म्हणतात, पण आपण आपलं व्हॅनच म्हणू. आपण गावाच्या नावानंतर 'कर' जोडतो आणि चिपळूणचा माणूस होतो चिपळूणकर. डच लोक हेच काम नावाच्या आधी करतात. आपला डबा मागे, त्यांचं इंजिन पुढे!

"मग बीक नावाचं गाव आहे?"

"गावच असलं पाहिजे असं नाही. डच लोक त्याला 'बेक' म्हणतात. बेक म्हणजे ओढा. ओढ्याकाठी राहणारा तो व्हॅन बेक."

भाचीचे डोळे चमकले. "म्हणजे लोगन व्हॅन बीक झाला लोगन ओढेकर!"

झालं. उरलेल्या मॅचभर आमच्या घरात एकच आरोळी. "ओढेकर बॉलिंगला आला!" नेदरलँड्स १६० धावांनी हरलं, पण आमचा ओढेकर साधासुधा गडी नाही बरं का. त्याच वर्षी जूनमध्ये हरारेला वेस्ट इंडीजशी सामना बरोबरीत सुटला, दोघांच्याही ३७४ धावा. मग सुपर ओव्हर. त्यात या पठ्ठ्यानं एकट्यानं सहा चेंडूंत ३० धावा कुटल्या आणि नंतर स्वतःच बॉलिंग करून दोन विकेट घेतल्या. ओढ्याला पूर आला होता म्हणा ना!

त्या दिवसापासून आम्हाला नादच लागला. डच आडनाव दिसलं की फोडायचं, शेंगेसारखं. आत कधी ओढा निघतो, कधी डबकं, कधी बांध. चला, तुम्हीही घ्या मूठभर.

एका गावात चार यान

आधी एक अडचण समजून घेऊ. जुन्या काळचं एखादं डच खेडं डोळ्यांसमोर आणा. तिथे यान हे नाव फार आवडतं. गावात चार यान. एकानं हाक मारली, "यान, तुझी गाय सुटली!" की चौघंही धावत सुटणार.

मग लोक काय करतात? आपल्या वर्गात तीन ओंकार असले की आपण जे करतो तेच. खिडकीजवळचा ओंकार, चष्मेवाला ओंकार, लांबचा ओंकार. तिथेही तसंच झालं. बांधावरचा यान, तळ्याकाठचा यान, रानाजवळचा यान. चौथा यान पीटरचा मुलगा, म्हणून त्याचा झाला यान पीटर्स.

म्हणजे आडनाव हा मुळात पत्ता होता. पोस्टमनसाठी नव्हे, हाक मारणाऱ्यासाठी.

आता पत्ता कशावरून सांगणार? आजूबाजूला जे दिसतं त्यावरून. आपण म्हणतो, "टेकडीखालचं घर." पण नेदरलँड्स हा विलक्षण देश आहे. त्याची साधारण पाव जमीन समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली आहे! समुद्र आणि नद्या सतत दार ठोठावतात. त्यांना थोपवायला बांध घालायचे, साठलेलं पाणी बाहेर काढायचं, हे तिथल्या लोकांचं शेकडो वर्षांचं काम. त्यामुळे त्यांच्या आडनावांत काय सापडणार? पाणी, चिखल आणि बांध!

बांधावरची मंडळी

२००७ साली नेदरलँड्समधल्या आडनावांची मोजदाद झाली. पहिल्या पाचांत एक आडनाव होतं 'व्हॅन डाइक'. फुटबॉलवेड्यांनो, ओळखलंत? लिव्हरपूलचा उंचापुरा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक! डाइक म्हणजे बांध. विरोधी संघाच्या लाटा अडवणाऱ्या माणसाचं आडनाव बांधकर. याहून शोभेसं काय असेल?

हा बांध म्हणजे आपल्या शेताचा बांध नव्हे, हां. आपल्या बांधावर बसून भाकरी खाता येते, तिकडच्या बांधावर अख्खं घर बांधता येतं. मातीचा लांबच लांब, उंच, उतरता ढिगारा. वर दाट गवत. त्यावर मेंढ्या चरत असतात. त्या मेंढ्या नुसत्या पोट भरत नाहीत. गवत कुरतडून ते दाट ठेवतात आणि खुरांनी माती दाबून घट्ट करतात. बिनपगारी रोड-रोलर! बांधाचा माथा कोरडा, म्हणून त्यावरून रस्ता जातो आणि रस्त्याकडेला घरं उभी राहतात. असा प्रत्येक बांधावरचा कुणीतरी झाला व्हॅन डाइक.

आता गंमत बघा. बांध एकच, पण त्यातून आडनावं किती फुटली! नव्या बांधाजवळचा न्यूवेनडाइक, जुन्या बांधाचा आउडेनडाइक, उंच बांधाचा होगेनडाइक, बांधापलीकडचा ओव्हरडाइक.

आणि माझी सगळ्यांत आवडती जोडी म्हणजे बिनेनडाइक आणि बाउटेनडाइक. 'बिनेन' म्हणजे आत, 'बाउटेन' म्हणजे बाहेर. एकाचं घर बांधाच्या आत, दुसऱ्याचं बांधाबाहेर, पाण्याच्या बाजूला. वादळी रात्री वारा घोंगावू लागला की बिनेनडाइक पांघरूण ओढून झोपणार. बाउटेनडाइक मात्र उठून बसणार, पाणी किती चढलं ते पाहायला. दोन आडनावांत फरक एका शब्दाचा, पण त्या शब्दात अख्खी रात्र मावते.

पूल आहे, पण पूल नाही

पाण्यासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत ते मोजा पाहू. ओढा, ओहोळ, नाला, पाट, चर, कालवा, डबकं, तळं, डोह… पाण्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांना त्याचे प्रकार वेगवेगळे दिसतात. डच लोकांचंही तसंच. आणि त्यांनी ते सगळे प्रकार आडनावांत भरून ठेवलेत.

व्हॅन फ्लीट हा ओहोळाकाठचा. व्हॅन डर स्लोट म्हणजे शेतातलं पाणी काढायला खणलेल्या चराजवळचा. व्हॅन डर फार्ट हा कालव्याकाठचा. (हसू नका, 'फार्ट' म्हणजे ज्यातून होड्या जातात तो कालवा!) व्हॅन डर मेर हा तळ्याकाठचा, आपला तळेकर. झाइल म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला ते उघडतं आणि आतलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला बंद होतं आणि समुद्राला आत येऊ देत नाही. त्या दाराजवळ राहणारा झाइल्स्ट्रा.

सायकलच्या शर्यती पाहणाऱ्यांना मॅथ्यू व्हॅन डर पूल माहीत असेल, २०२३ चा रोड रेसचा विश्वविजेता. भाची म्हणाली, "हा सोपा आहे. पुलाजवळचा!" चुकली. मराठीतला पूल वेगळा, डचमधला पूल म्हणजे डबकं. ज्याच्या घराजवळ खरोखरीचा पूल होता त्याचं आडनाव व्हरब्रुगेन, कारण पुलाला डचमध्ये 'ब्रुग' म्हणतात.

अशा फसव्या शेंगा आणखीही आहेत. 'बॉस' आडनावाचा माणूस भेटला तर साहेब म्हणून सलाम ठोकू नका. डचमध्ये बॉस म्हणजे जंगल! आणि 'व्हॅन डेन ब्रूक'? आजच्या डचमध्ये ब्रूक म्हणजे चक्क पँट. म्हणजे हा 'पँटकर'? नाही हो. जुना ब्रूक वेगळा, त्याचा अर्थ दलदल. पण तिथल्या शाळेत ब्रूकच्या पोरांना मित्र कशावरून चिडवत असतील, ते सांगायला नको.

आता एक जरा गंभीर शब्द, 'वील'. बांध फुटतो तेव्हा काय होतं? पाणी त्या फटीतून प्रचंड जोरानं आत कोसळतं आणि बांधामागे जमिनीत खोल गोल खड्डा पाडतं, धबधब्याखाली डोह पडतो ना, तसा. पूर ओसरतो, खड्डा पाण्यानं भरलेला राहतो. बुजवायचा म्हटलं तरी फार खोल. मग लोक नवा बांध त्या डोहाला वळसा घालून बांधतात. आजही तिथे सरळ जाणारा बांध मध्येच अर्धगोल वळला आणि वळणात शांत गोल तळं दिसलं की ओळखायचं, इथे कधीतरी बांध फुटला होता. तो डोह म्हणजे वील. त्याच्याकाठचा माणूस व्हॅन डर वील. काही भागांत त्याच डोहाला 'कोल्क' म्हणतात, म्हणून तिथला व्हॅन डर कोल्क. या आडनावांत पुराची आठवण आहे, आणि पूर तिथे काही गोष्टीतला नव्हे. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री समुद्र बांध फोडून आत शिरला आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं दगावली.

डोंगर दाखवा, बक्षीस मिळवा!

पण थांबा. त्या २००७ च्या यादीत व्हॅन डाइकच्याही वर, चौथ्या नंबरावर कोण होतं माहितीये? व्हॅन डेन बर्ग. बर्ग म्हणजे डोंगर!

इतक्या सपाट देशात इतके डोंगरकर आले कुठून? नेदरलँड्सची युरोपातली सगळ्यांत उंच जागा म्हणजे वालसरबर्ग. उंची साधारण ३२२ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. पाच वालसरबर्ग एकावर एक रचले तरी कळसूबाईच्या माथ्यावरच्या देवळात डोकवायला टाचा उंच कराव्या लागतील.

उत्तर सोपं आहे. सगळीकडे सपाट असलं की जरासा उंचवटाही डोंगर वाटतो. वाळूची टेकडी? बर्ग! शेतातला उंचवटा? बर्ग! आणि पत्ता म्हणून तो झकास. जिथे पन्नास टेकड्या आहेत तिथे 'टेकडीजवळचा' म्हणून काय कळणार? जिथे एकच आहे तिथे लगेच सापडतो.

उत्तरेकडच्या फ्रीसलँड भागात तर लोकांनी उंचवटे स्वतःच बनवले. बांध घालायला लागण्याच्याही आधी लोक तिथे चिकणमाती, शेण, केरकचरा यांचे थर टाकून टेकाडं उभारत आणि त्यांवर राहत. भरतीचं पाणी चढलं की सगळीकडे समुद्र आणि मध्ये बेटासारखी घरं. अशा टेकाडाला म्हणतात टेर्प. हेगेबाइंटम गावचा सगळ्यांत उंच टेर्प जवळजवळ नऊ मीटरचा आहे, म्हणजे तीन मजली घराएवढा. त्यावर चर्च आहे. टेर्पवर राहणारा तो टेर्पस्ट्रा. आपल्याकडे टेकाडे आडनाव आहे ना? हा त्याचा फ्रीसलँडचा चुलतभाऊ.

'कर'चा जुळा भाऊ

झाइल्स्ट्रा, टेर्पस्ट्रा… हे 'स्ट्रा' काय प्रकरण आहे? कोल्ड्रिंकमधली नळी नव्हे! फ्रीसलँडच्या जुन्या भाषेतला हा प्रत्यय. अर्थ आहे 'तिथे बसणारा', म्हणजेच राहणारा. तो शब्दाच्या शेवटी लागतो, हुबेहूब आपल्या 'कर'सारखा. दक्षिणेतला व्हॅन डाइक फ्रीसलँडमध्ये होतो डाइक्स्ट्रा. दलदलीच्या काळ्या मातीला म्हणतात फेन, म्हणून तिथला व्हॅन डर फेन होतो फेनस्ट्रा. कोपऱ्यावरचा तो हूक्स्ट्रा.

डाइक्स्ट्रा हे नाव कॉम्प्युटर शिकणाऱ्या कोणाही ताई-दादाला विचारा. एड्सखर डाइक्स्ट्रा नावाचा शास्त्रज्ञ १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये एका कॅफेत बसला होता, आपल्या होणाऱ्या बायकोबरोबर. दोघं खरेदी करून दमले होते. कॉफी पिता पिता त्याच्या डोक्यात कोडं आलं. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा सगळ्यांत जवळचा रस्ता कसा शोधायचा? कागद नाही, पेन नाही. वीसेक मिनिटांत उत्तर तयार! १९५९ साली ते छापून आलं. आज मोबाइलवर रस्ता शोधणाऱ्या अनेक युक्त्यांच्या मुळाशी हीच पद्धत आहे. साऱ्या जगाला पत्ता शोधून देणाऱ्या माणसाचं आडनाव म्हणजे स्वतःच एक पत्ता, 'बांधावरचा'!

आणखी एक चिमुकली गंमत. त्याचं आडनाव रोमन अक्षरांत लिहा. 'डी'नंतर ओळीनं येतात आय, जे, के. प्रोग्रॅम लिहिणारे मोजणी करायला हीच तीन अक्षरं वापरतात. हा निव्वळ योगायोग, पण कसला भारी योगायोग!

भावसाब आणि व्हरमेर

आता तुम्ही विचाराल, व्हॅन, व्हॅन डर, व्हॅन डेन अशी तीन-तीन रूपं कशाला? याला जबाबदार आहे तुमची लाडकी विभक्ती! जुन्या डचमध्ये नाम स्त्रीलिंगी असलं की 'डर', पुल्लिंगी असलं की 'डेन'. आजच्या बोलीतून हा प्रकार जवळपास गेलाय. व्याकरण वितळलं, पण आडनावांत ते गोठून राहिलं. दगडात शंखाचा ठसा राहतो ना, तसं. कधी तर नुसतं एक 'ट'च उरतं. रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल १९०१ साली ज्यांना मिळालं, त्यांचं आडनाव व्हॅन ट हॉफ. मूळ शब्द 'हेट', पण घाईघाईत बोलताना 'हे' गिळला. हॉफ म्हणजे घराभोवतालचं आवार.

बोलण्याची घाई सगळीकडे सारखीच. आपण 'भाऊसाहेब'चं 'भावसाब' करतो. डच लोकांनी 'व्हॅन डर'चं केलं 'व्हर'. व्हॅन डर मेरचा झाला व्हरमेर. हो, तोच, मोत्याचा डूल घातलेल्या मुलीचं चित्र काढणारा योहानेस व्हरमेर. गंमत म्हणजे त्याचे वडील आधी व्होस, म्हणजे 'कोल्हा' हे आडनाव लावायचे आणि नंतर व्हरमेर लावू लागले. कोल्हा तळ्यावर पाणी प्यायला आला आणि तिथेच राहिला!

या व्हरमेरचा बाप्तिस्मा डेल्फ्ट शहरात ३१ ऑक्टोबर १६३२ रोजी झाला. बरोबर चार दिवसांनी त्याच शहरात आणखी एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. ते बाळ मोठं झालं, भिंगं घासायला लागलं आणि पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव त्यानं पहिल्यांदा पाहिले. अँटनी व्हॅन लेवेनहूक! लेवेन म्हणजे सिंह, हूक म्हणजे कोपरा. डेल्फ्टच्या सिंह दरवाजाजवळच्या कोपऱ्यावर घर, म्हणून 'सिंहकोपरेकर'. एक तळेकर, एक सिंहकोपरेकर. एकानं प्रकाश रंगवला, दुसऱ्यानं त्याच प्रकाशात जंतू पाहिले.

कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं

अठराशे दहा साली नेपोलियननं नेदरलँड्स फ्रान्सला जोडून टाकलं. त्याला सगळ्यांच्या नोंदी हव्या होत्या, कर घ्यायला आणि सैन्यात भरती करायला. ऑगस्ट १८११ मध्ये हुकूम निघाला की ज्याला ठरलेलं आडनाव नाही, त्यानं ते येऊन नोंदवावं. पुष्कळांकडे ते आधीच होतं. उत्तर-पूर्वेकडे मात्र बरेच जण नुसतं बापाचं नाव लावून भागवत. ते रांगेत उभे राहिले.

एक दंतकथा अशी की लोकांनी थट्टेत काहीबाही आडनावं सांगितली. उदाहरणार्थ 'नाक्तखेबोरेन', म्हणजे 'नागडा जन्मलेला'. पण हे आडनाव नेपोलियनच्या कितीतरी आधीच्या कागदांत सापडतं. थट्टेची गोष्ट गोड आहे, खरी नाही.

स्पेलिंगची गडबड मात्र खरी. 'डाइक' कसं लिहाल? आय-जे-के लिहा, वाय-के लिहा किंवा वाय-सी-के लिहा, उच्चार जवळपास एकच. १८०४ साली सीखेनबेक नावाच्या पंडितानं स्पेलिंगचे नियम घालून दिले आणि वायच्या जागी आय-जे लिहायला सांगितलं. (त्याच्या आडनावातला ओढा दिसला का?) पण शेजारच्या बेल्जियममध्ये फ्रेंच राज्य १७९५ पासूनच होतं. तिथली आडनावं जुन्या स्पेलिंगमध्येच पक्की झाली. म्हणून वाय-सी-के दिसलं की समजायचं, हा बांध बहुधा बेल्जियमकडचा! टोकदार दाढीसाठी प्रसिद्ध असलेला चित्रकार अँथनी व्हॅन डाइक असाच वाय-सी-केवाला, अँटवर्पमध्ये जन्मलेला.

यादीत नाव शोधतानाही फरक. नेदरलँड्समध्ये व्हॅन डाइक सापडेल 'डी'खाली, कारण ते म्हणतात, व्हॅन काय, सगळ्यांनाच असतं! बेल्जियममध्ये तोच सापडेल 'व्ही'खाली. आपल्या हजेरीत सगळ्या '…कर' मंडळींना 'क'खाली घातलं तर कसा गोंधळ होईल, तसाच काहीसा प्रकार.

आणि या छोट्याशा व्हॅननं एकदा कोर्टात फजितीही केली. संगीतकार बेथोव्हन आठवतो? पूर्ण नाव लुडविग व्हॅन बेथोव्हन, त्याचे आजोबा आजच्या बेल्जियममधल्या मेखेलेनचे. जर्मन भाषेत 'फॉन' हे उमराव घराण्याचं चिन्ह. व्हिएन्नात पुष्कळांना वाटे, व्हॅन म्हणजे फॉनच असणार. पुतण्याच्या ताब्यावरून त्याचा खटला चालला होता, तोही उमरावांच्या खास कोर्टात. १८१८ साली तिथे उघड झालं की व्हॅन म्हणजे नुसतं 'चा'. झालं, खटल्याची रवानगी साध्या लोकांच्या कोर्टात!

व्हॅन निघाली परदेशी

डच लोक दर्यावर्दी. ते जिथे गेले तिथे त्यांचे ओढे, बांध, डबकी जहाजात बसून गेली. दक्षिण आफ्रिकेत आय-जेचा वाय झाला आणि व्हॅन झाइल वायनं लिहिला जाऊ लागला. मर्वेडे नदीकाठचे व्हॅन डर मर्व तिथे इतके वाढले की आपण जसे बंड्याचे विनोद सांगतो, तसे तिथे 'व्हॅन डर मर्व'चे विनोद सांगतात! अमेरिकेत सगळे तुकडे चिकटले. डे बिल्ट गावचा व्हॅन डर बिल्ट झाला व्हँडरबिल्ट, आणि व्हॅन रोझेनव्हेल्ट, म्हणजे 'गुलाबांच्या शेताकडचा', झाला रूझवेल्ट. त्या आडनावाचे दोन राष्ट्राध्यक्ष झाले. श्रीलंकेचा सलामीचा फलंदाज मायकेल वॅनडॉर्ट आठवतो? डॉर्ट हे डॉर्डरेख्ट शहराचं छोटं नाव. हा तिकडचा व्हॅन, पार कोलंबोपर्यंत पोचलेला.

आपल्याकडेही ते आले होते. सतराव्या शतकात कोकणात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. जुन्या मराठी कागदांत त्यांना म्हटलंय 'वलंदेज'. बंदरात उतरणाऱ्या एखाद्या व्हॅनला समोरून एखादा वेंगुर्लेकर भेटला असेल, तर दोघांनीही एकमेकांना तीच गोष्ट सांगितली असणार, "मी अमक्या जागचा."

तळं गेलं कुठे?

शेवटची शेंग सगळ्यांत मोठी.

नेदरलँड्समध्ये यान लेखवाटर नावाचा एक कारागीर होऊन गेला. त्याचं आडनाव आजच्या डचमध्ये वाचलं तर अर्थ लागतो 'रिकामं पाणी'. आणि यानं काम काय केलं? तळी रिकामी केली! चाळीसहून जास्त पवनचक्क्या लावून बेमस्टर नावाचं मोठं तळं उपसलं. १६१२ साली तिथे तळाची जमीन कोरडी झाली आणि पुढे तिच्यावर गाई चरायला लागल्या. त्याहून मोठं हार्लेमचं तळं उपसायचं त्याचं स्वप्न होतं. ते पुरं झालं दोनशे वर्षांनी, वाफेच्या इंजिनांच्या जोरावर, १८४९ ते १८५२ या काळात. त्यातल्या एका पंपघराला लेखवाटरचंच नाव दिलं होतं.

आज त्या तळ्याच्या तळाशी काय आहे? स्खिपोल, ॲमस्टरडॅमचा प्रचंड विमानतळ! समुद्राच्या पातळीपेक्षा तीन-चार मीटर खाली. जिथे मासे पोहत होते तिथून विमानं उडतात.

आता विचार करा, त्या विमानतळावर पासपोर्ट हातात धरून कुणी व्हॅन डर मेर उभा आहे. तळ्याकाठचा माणूस, पण तळं कुठंय? उपसलेली अशी कितीतरी तळी नकाशावर आता नुसती शेतं आहेत. दलदल खणून लोकांनी जळण म्हणून चुलीत घातली, फेनस्ट्रा उरला. जंगल तोडलं, बॉस उरला. जमीन बदलली, आडनाव नाही बदललं.

हे सगळं ऐकून भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, आपल्याकडे उलटं झालंय."

"कसं?"

"तिकडे पाणी गेलं आणि जमीन आली. आपण पळसदेवला गेलो होतो ना?"

मी बघतच राहिलो. उजनी धरण झालं तेव्हा भीमेचं पाणी चढलं आणि जुनं पळसदेव गाव बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं, ते आम्ही होडीतून पाहिलं होतं. धरणांखाली गेलेली अशी पुष्कळ गावं महाराष्ट्रात आहेत. तिथली माणसं दुसरीकडे जाऊन राहिली. पण जाताना घराच्या कड्या-कोयंड्यांबरोबर आणखी एक गोष्ट त्यांनी बरोबर नेली. आडनावाच्या शेवटचा 'कर'.

आता तुमची पाळी. वर्गाची हजेरी घ्या आणि तीन रकाने करा. गावावरून आलेली आडनावं, कामावरून आलेली, आणि डोंगर-तळं-रान-टेकाड अशा जागांवरून आलेली. मग घरी जाऊन आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारा. "आपल्या आडनावातली जागा अजून आहे का?"

आमच्या भाचीनं विचारलाय. आजी अजून सांगतेच आहे. शेंगा संपल्या, गोष्ट संपली नाही.